तुमचे हाऊस कोणते? वाचकांचे प्रश्न, टीचरची उत्तरे

डिसेंबर जवळ आला की शाळांच्या मैदानांवर फक्कीच्या रेषा पडू लागतात आणि माझ्या टपालात हाऊसविषयीची, म्हणजे शाळेत स्पर्धांसाठी करतात त्या मुलांच्या गटांविषयीची, पत्रे वाढतात. कुणाला हाऊसच्या संताची माहिती हवी असते, कुणाला मुलाचे हाऊस बदलून हवे असते, कुणाची शाळेविषयी तक्रार असते. मी वसईत आणि मुंबईत कॅथलिक शाळांतून शिकवले आणि नोकरीची बरीच वर्षे हाऊस टीचर होते, म्हणून या अंकात हीच पत्रे घेतली आहेत. नेहमीप्रमाणे लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

माझा मुलगा यंदा पाचवीत कॉन्व्हेंट शाळेत गेला. त्याला ब्रिटो हाऊस मिळाले. लाल टी-शर्ट आणला, आता हाऊसच्या संतावर तीन मिनिटांचे भाषण करायचे आहे. आमचे घर माळकरी. सासूबाई विचारतात, हे आडून धर्मशिक्षण तर नाही ना? आणि हा ब्रिटो कोण, हे मलाही ठाऊक नाही. — एक आई, डोंबिवली

आधी सासूबाईंच्या शंकेचे बोलू. शंका रास्त आहे आणि ती मनात ठेवून मुलाला भाषणाला उभे करू नये. आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमात म्हटले आहे की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला वा उपासनेला बसायला लावता येत नाही. मूल लहान असेल तर ती संमती पालकांची. मी शिकवलेल्या शाळांत कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असे, त्या वेळात बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास चाले. हाऊसचा त्या तासाशी संबंध नाही. पहिलीपासून दहावीपर्यंतच्या प्रत्येक वर्गातली थोडी थोडी मुले घेऊन केलेले चार गट म्हणजे हाऊस. खेळ, वक्तृत्व, मार्च पास्ट, बोर्ड सजावट हे सगळे या गटांत होते.

आम्ही कॅथलिक संतांकडे आमच्यासाठी देवाजवळ रदबदली करा अशी विनवणी करतो आणि त्यांच्यासारखे वागायचा प्रयत्न करतो. तुमच्या मुलाकडून यातले काहीच अपेक्षित नाही. त्याने एका माणसाची गोष्ट नीट सांगायची आहे. संतांच्या गोष्टी सांगणे माळकरी घराला काही शिकवावे लागत नाही. मला विचाराल तर भाषणाची तयारी सासूबाईंनीच करून घ्यावी.

आता ब्रिटो. जॉन डी ब्रिटो १६४७ साली लिस्बनमध्ये जन्मला आणि पोर्तुगालच्या राजवाड्यात वाढला. पुढे राजा झालेला पेद्रो हा त्याचा बालपणचा सवंगडी. लहानपणी जॉन इतका आजारी पडला की आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला, आणि मुलगा बरा झाल्यावर वर्षभर त्याला जेझुइटांचा, म्हणजे झेवियरच्याच धर्मसंघातल्या लोकांचा, झगा घातला. तो पोरगा मोठा होऊन खरोखरच जेझुइट फादर झाला. १६७३ साली तो गोव्यात उतरला आणि तिथून तमिळ मुलखात मदुराईकडे गेला. तिथे तमिळ शिकला, मांस सोडले, भगवी वस्त्रे नेसली, पायी गावे फिरला. लोक त्याला अरुळ आनंदर म्हणू लागले. १६८६ मध्ये त्याला पकडून फार मारहाण झाली. सुटल्यावर त्याला पोर्तुगालला पाठवले. जुना मित्र आता गादीवर होता. त्याने राहा म्हणून पुष्कळ आग्रह केला. ब्रिटो थांबला नाही, पुन्हा मदुराईकडे आला आणि ४ फेब्रुवारी १६९३ रोजी ओरियूर इथे त्याचा शिरच्छेद झाला. १९४७ साली त्याला संतपद मिळाले. गोव्यात म्हापशाला त्याच्या नावाची मोठी शाळा आहे.

त्याच्या मृत्यूचे कारण असे, की मरवर जमातीच्या एका सरदाराने बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती होताना एक पत्नी ठेवून बाकीच्यांना सोडले. त्यांतली एक तिथल्या राजाची, सेतुपतीची, पुतणी होती. तिने गाऱ्हाणे घातले. मोठ्या वर्गांत मी हा भाग मुद्दाम सांगत असे आणि त्या सोडलेल्या बायकांचे काय झाले असेल, हेही विचारत असे. मुली त्यावर तावातावाने बोलत, आणि बोलायलाच हवे. पाचवीच्या भाषणात मात्र ते नको. साल-तारखांची माळही नको. तीन मिनिटांत जेमतेम तीनशे शब्द मावतात. मुलाला एवढेच विचारा: मार खाऊन सुखरूप घरी पोचलेला माणूस, राजा ‘थांब’ म्हणत असताना, परत का गेला असेल? तो जे उत्तर देईल ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा आणि शेवट त्यावर करा. परीक्षकाच्या खुर्चीवर मी बरीच बसले आहे. पाठ केलेले भाषण पहिल्या वाक्याला कळते.

मी मुंबईत जेझुइट शाळेत शिकलो, साठच्या दशकात. आमच्या वेळी हाऊसची चुरस इतकी असे की वर्गातला मित्र मैदानावर शत्रू. ही पद्धत इंग्रजांची की फादरांची? मित्रांत वाद चालला आहे. — एक निवृत्त अभियंता, पुणे

दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. ‘हाऊस’ इंग्रजांचे. ईटन, हॅरो, रग्बी अशा निवासी शाळांत ते खरोखरचे घर होते: एक मास्तर, त्याच्या छपराखाली राहणारी लहान-मोठी मुले, एकच जेवणाचे टेबल. पुढे दिवसाच्या शाळांनी ती कल्पना उचलली. छप्पर गेले, नाव उरले. तेच इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आले.

मुलांची चुरस लावून अभ्यास करून घेणे ही मात्र जेझुइटांची जुनी खोड. १५९९ साली त्यांनी आपल्या शाळांसाठी एक नियमावली कायम केली, ‘रातिओ स्तुदिओरुम’. त्या परंपरेत एका वर्गाचे दोन तळ करत. एक रोम, दुसरा कार्थेज, म्हणजे प्राचीन काळची दोन वैरी शहरे. प्रत्येक मुलाला पलीकडच्या तळातला एक जोडीदार नेमून दिलेला. याने लॅटिनमध्ये चूक केली की त्याने उभे राहून ती दाखवायची. दहा-दहा मुलांवर एक नायक असे, त्याला रोमन सैन्यातलेच नाव. मुंबईत सेंट मेरीज १८६४ साली आणि सेंट झेवियर्स १८६९ साली निघाली, ती असा वारसा असलेल्या फादरांची. तेव्हा इंग्रजांचे घर आणि फादरांची चुरस आपल्या शाळांत एकत्र नांदू लागली, असे मित्रांना सांगा.

माझे मन या दोहोंत इंग्रजी घराकडे झुकते. रोम-कार्थेजमध्ये एकाच वयाची दोन मुले एकमेकांसमोर उभी राहतात. घरात दहावीचा दांडगा मुलगा पहिलीतल्या पोराच्या बुटाची नाडी बांधतो. शाळेत एरवी ही दोघे कधी भेटत नाहीत. हाऊसमुळे भेटतात.

आम्ही मेलबर्नला असतो. मुलगी इथल्या कॅथलिक शाळेत जाते. तिचे हाऊस मॅकिलॉप, मैत्रिणीचे चिझम. या दोघी संत कोण? इथल्या लोकांना विचारायला संकोच वाटतो. — एक वाचक

संकोच सोडा, मेरी मॅकिलॉपबद्दल विचारलेत तर तिथले लोक आनंदाने सांगतील. ती तुमच्याच शहरातली, १८४२ साली मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात जन्मलेली. घरची परिस्थिती हलाखीची, थोरली म्हणून लहान वयात कमावू लागली. १८६६ साली पेनोला नावाच्या गावात घोड्यांच्या तबेल्यात तिने गरीब मुलांसाठी शाळा मांडली आणि फादर ज्युलियन टेनिसन वूड्स यांच्यासह सेंट जोसेफच्या सिस्टरांचा संघ उभा केला. १८७१ मध्ये ॲडलेडच्या बिशपांनी तिला चर्चमधून बहिष्कृत केले. पुढच्याच वर्षी, मृत्यूच्या आधी, त्यांनीच तो हुकूम मागे घेतला. त्या साऱ्या काळात तिने बिशपांविरुद्ध कडवट शब्द काढला नाही आणि आपले कामही सोडले नाही. १७ ऑक्टोबर २०१० रोजी ती ऑस्ट्रेलियाची पहिली संत झाली. ज्या चर्चने बाहेर घातले त्याच चर्चने वेदीवर आणले, ही गोष्ट तुमच्या मुलीला जरूर सांगा. हाऊसच्या नावामागे याहून भक्कम माणूस मिळणे कठीण.

कॅरोलाइन चिझम यांना संतपद मिळालेले नाही. तरी ऑस्ट्रेलियातल्या शाळा हाऊसला त्यांचे नाव आपुलकीने देतात, आणि तुम्हाला त्या जवळच्या वाटाव्यात असे एक कारण आहे. त्यांचे पती ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. १८३२ मध्ये त्या मद्रासला आल्या आणि छावणीत उनाड फिरणाऱ्या सैनिकांच्या मुलींसाठी त्यांनी तिथे शाळा काढली. १८३८ मध्ये सिडनीला गेल्यावर धक्क्यावर उतरणाऱ्या, ओळखपाळख नसलेल्या तरुण मुलींना निवारा आणि काम मिळवून देणे हे त्यांनी आयुष्याचे काम केले. ऑस्ट्रेलियाच्या जुन्या पाच डॉलरच्या नोटेवर त्यांचा चेहरा होता. परदेशी उतरलेल्या माणसाला पहिल्या रात्री काय वाटते, हे तुमच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.

टीचर, मी आठवीत आहे. आमचे गोन्सालो हाऊस दर वर्षी शेवटचे येते. मार्च पास्टला बाकीचे हसतात. मैत्रिणी म्हणतात, हाऊस बदलून घे. घेऊ का? — एक विद्यार्थिनी, वसई

नको, बाळा. आणि का नको ते सविस्तर सांगते, कारण तू वसईची आहेस.

गोन्सालो गार्सिया तुझ्या-माझ्या गावचा. १५५६च्या सुमाराला वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणातली. किल्ल्यात जेझुइट फादरांच्या शाळेत शिकला. तुझ्याहून थोडा मोठा असेल, पंधराएक वर्षांचा, तेव्हा त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला गेला. तिथे जपानी भाषा अशी शिकला की बोलायला लागला की लोक गोळा होत. जेझुइट संघात आपल्याला घ्यावे ही त्याची मोठी इच्छा होती. वर्षे गेली, ती पुरी झाली नाही. मग तो व्यापारी झाला, पैसा मिळवला, आणि शेवटी फिलिपाइन्समध्ये मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. फादर म्हणजे धर्मगुरू नव्हे, ब्रदर.

१५९३ साली मनिलाहून जपानच्या सत्ताधीशाकडे, हिदेयोशीकडे, फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ गेले. प्रमुख होते फादर पेद्रो बाउतिस्ता. त्यांना जपानी येत नव्हते. बोलायला आपला वसईकर पुढे. पुढे क्योतोमध्ये या लोकांनी गोरगरिबांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने चालवले. तीन-चार वर्षांत वारे फिरले. एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटले, त्यावरून संशय वाढला, आणि २६ जणांना मृत्युदंड फर्मावला गेला. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन हिवाळ्यात क्योतोपासून नागासाकीपर्यंत, महिनाभराच्या वाटेने, गावोगाव मिरवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारले. त्या २६ जणांत तीन मुलगे होते: लुई इबाराकी १२ वर्षांचा, अँटनी १३चा, थॉमस कोझाकी १४चा. थॉमसने वाटेत आईला पत्र लिहिले होते. १८६२ साली या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केले आणि आपल्या देशात जन्मलेला पहिला संत वसईचा निघाला. त्या टेकडीवर आता २६ जणांच्या ओळीचे मोठे कांस्यशिल्प आहे. इतक्या दूर नागासाकीत आपल्या वसईच्या पोराची मूर्ती उभी आहे, याने माझा ऊर आजही भरून येतो.

असे नाव छातीवर असताना हाऊस बदलून मागायचे?

आता शेवटच्या नंबरचे बघू. रडून तो सुटणार नाही. पहिले काम: पी.टी.च्या सरांकडून मागच्या वर्षीचा पॉइंट्सचा तक्ता मागून वहीत उतरवून घे. बहुतेक ठिकाणी मला असे दिसले आहे की हाऊस मोठ्या शर्यतींत हरत नाही, रिकाम्या जागांनी हरते. लिंबू-चमच्याला पहिलीची दोनच पोरे उतरली, वक्तृत्वाला मराठी गटात नाव दिलेच नाही, निबंध कुणी लिहिलाच नाही. नुसते भाग घेण्याचे पॉइंट्स असतील तर तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. तुम्ही आठवीच्या मुली मधल्या सुट्टीत पहिली-दुसरीच्या वर्गात जा आणि आपल्या हाऊसची पोरे हुडकून नावे भरा.

दुसरे, रिले. थोडे जास्त वेगाने पळणाऱ्या मुलीपेक्षा बॅटन नीट देणारी मुलगी कामाची. घेणारीने मागे वळून बघायचे नाही. पळायला सुरुवात करायची, हाताचा तळवा मागे सरळ धरायचा. देणारी ‘घे’ ओरडली की हात स्थिर ठेवायचा आणि तिने बॅटन तळव्यात दाबूनच सोडायचा. रोज सकाळी असेंब्लीच्या आधी दहा मिनिटे, चौघी त्याच क्रमाने. उजव्या हाताने घेतलेला बॅटन पुढचीला डाव्या हातात द्यायचा, म्हणजे वाकडे पळावे लागत नाही. मार्च पास्टचेही तसेच. हसण्याचे कारण बहुधा एकच असते: मागच्या रांगेतल्या पोरांना ढोल ऐकू येत नाही. त्यांच्यात एक मोठी मुलगी उभी करा आणि तिला हळू आवाजात ‘डावा, उजवा’ म्हणू दे. कॅप्टनला माझे नाव सांग.

थोरली झेवियर हाऊसमध्ये, धाकटा लोयोलामध्ये. घरात रोज भांडणे, शिवाय दोन रंगांचे टी-शर्ट घ्यावे लागतात. शाळेने भावंडांना एक हाऊस द्यायला नको का? — एक वडील, कल्याण

द्यावे, असेच माझेही मत आहे, आणि पुष्कळ शाळा देतात. जूनमध्ये यादी पक्की होण्याआधी वर्गशिक्षिकेला साधा अर्ज द्या. वर्षाच्या मध्यात मागू नका, तेव्हा संघ ठरलेले असतात. टी-शर्टचा खर्च हे कारण मोकळेपणाने लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

तोवर दोघांना हे सांगा: फ्रान्सिस झेवियर आणि जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला पॅरिसमध्ये शिकताना एका खोलीत राहत. झेवियर आधी इग्नेशियसकडे बघायलाही तयार नव्हता. पुढे तोच त्याचा सर्वांत जवळचा माणूस झाला. १५४० साली झेवियर भारताच्या वाटेला लागला, दोघांची पुन्हा गाठ पडली नाही. झेवियर दूरदेशी आपल्या सोबत्यांच्या पत्रांतल्या सह्या कापून गळ्यातल्या डबीत जपून ठेवत असे.

आमच्या धर्मग्रामाची (पॅरिशची) शाळा नवीन आहे, यंदा सातवीचा वर्ग उघडला. आतापर्यंत रेड, ब्लू, ग्रीन, यलो असे चालले. फादर म्हणतात संतांची नावे देऊ, चार नावे सुचवा. स्टाफमध्ये कुणी मदर तेरेसा म्हणते, कुणी कार्लो अक्युटिस, कुणी इग्नेशियस-झेवियर. मुले निम्मी वसई-विरारकडची, निम्मी पाड्यांवरची. तुम्ही काय द्याल? — एक शिक्षिका, पालघर जिल्हा

तुमचे पत्र वाचून फार बरे वाटले, कारण नाव देण्याची संधी शाळेला एकदाच मिळते. पुढे पन्नास वर्षे तीच नावे मैदानावर ओरडली जातात. मोठा संत म्हणून नाव देऊ नका. ज्याच्या आयुष्यातली निदान एक गोष्ट पहिलीचे मूल घरी जाऊन सांगू शकेल, त्याचे द्या.

पहिले नाव गोन्सालो गार्सिया. त्याची हकिगत वर आलीच आहे. त्याच्या आईकडचे रक्त याच पट्ट्यातले.

दुसरे जोसेफ वाझ. गोव्यात बाणावलीला १६५१ साली जन्मलेले फादर. सिलोनमध्ये डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. तिथल्या लोकांना फादर नाही हे कळल्यावर हा माणूस १६८७ साली मजुराच्या वेशात, अनवाणी, तिकडे गेला. कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकले. पुढे तिथे देवीची साथ आली, लोक रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा वाझ यांनी त्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना मूठमाती दिली. राजाचे मन त्याने पालटले. मातृभाषा कोकणी, आणि तमिळ व सिंहली शिकून लोकांत मिसळले. घरी वारली आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या तुमच्या मुलांना नव्या भाषेत उभे राहणे म्हणजे काय हे नेमके ठाऊक आहे.

तिसरे नाव बाईचे हवे, यावर अडून बसा. चारही पुरुष असलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत आणि तिथल्या मुलींबद्दल मला वाईट वाटले आहे. मी अल्फोन्सा देईन. केरळात १९१० साली जन्मली, १९४६ साली गेली, २००८ साली संत झाली. संतपद मिळालेली पहिली भारतीय स्त्री. वर्षभर तीही वाकाकाड गावच्या शाळेत सहायक शिक्षिका होती. बाकी आयुष्य आजारपणात गेले, पण तिच्या खोलीच्या दाराशी शाळेतली पोरे येत आणि ती त्यांच्याशी हसून बोले. एक सावधगिरी: लग्न टळावे म्हणून तिने कोंडा जळत असलेल्या खड्ड्यात पाय घालून भाजून घेतला, ही गोष्ट पुस्तकांत ठळक असते. लहान मुलांना ती सांगू नका. मोठ्या मुलींना सांगाल तर तेरा वर्षांच्या पोरीवर लग्नाची सक्ती होत होती, ती चूक कुणाची, हे आधी बोला. स्वतःला इजा करून घेण्याचे कौतुक वर्गात कधी होऊ नये.

चौथ्या नावावर माझा जीव आहे: स्तानिस्लाउस कोस्का. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा १८६३ पासून त्याच्या नावाने चालते, पण हा मुलगा कोण ते फार थोड्यांना माहीत असते. पोलंडच्या सरदाराचा पोरगा. व्हिएन्नाला शिकायला ठेवले, तिथे थोरला भाऊ पॉल त्याला टोमणे मारी, मारहाण करी. दोन वर्षे सोसले आणि मग हा सतराव्या वर्षाच्या आत एकटा पायी निघाला. जर्मनीतल्या दिलिंगेनला गेला, तिथून आल्प्स ओलांडून रोमला. तिथे जेझुइटांनी त्याला घेतले आणि वर्षही पुरते झाले नाही तोच, १५६८ साली, तो तापाने गेला. पॉलला पुढे आयुष्यभर पश्चात्ताप झाला. प्रत्येक वर्गात एक मार खाणारे मूल असते आणि ते बोलत नाही. कोस्का हाऊस असेल तर तुम्हाला तो विषय काढायला दरवर्षी हक्काचे निमित्त मिळेल.

मदर तेरेसांना मी वगळले, कारण मुलांना त्या आधीच माहीत आहेत आणि जवळपासच्या शाळांत ते नाव आहेच. इग्नेशियस आणि झेवियर यांचेही तेच. कार्लो अक्युटिस २००६ साली पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला, ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत झाला. जीन्स घातलेला फोटो मुलांना आवडतो आणि संगणकावर त्याने केलेले कामही. त्याचा फोटो संगणकाच्या खोलीत लावा. तिथे तो रोज दिसेल.

नावांपेक्षा वाटणी जपून करा. पटावर ओळीने चार-चार नावे चार हाऊसना द्या, मुलगे आणि मुली वेगवेगळ्या मोजा, भावंडे एकत्र ठेवा. मग एकदा यादी पुढे घेऊन बसा आणि बघा, एका व्हॅनमधली सगळी मुले एकाच हाऊसमध्ये तर गेली नाहीत ना. पाड्यांवरची मुले आणि विरारची मुले डब्याला वेगळी बसत असतील, तर ती एका रंगात आल्याशिवाय एकत्र बसायची नाहीत. कॅप्टनही आलटूनपालटून दोन्हीकडचा होऊ द्या. पाड्यावरची मुले पळण्यात पुढे असतात म्हणून त्यांना फक्त धावायला उतरवू नका. माइकसमोरही उभे करा.

रंग ठरवताना लाल गोन्सालोला द्या. रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांच्या, सणाला फादर लाल वस्त्रे घालतात, मुलांच्या ते लगेच लक्षात येते. बाकी तीन तुम्ही वाटून घ्या. प्रत्येक संताच्या सणाला असेंब्ली त्या हाऊसकडे द्या: वाझ १६ जानेवारी, गोन्सालो ६ फेब्रुवारी, अल्फोन्सा २८ जुलै, कोस्का १३ नोव्हेंबर, म्हणजे बालदिनाच्या आदल्या दिवशी. गोष्ट शिक्षकांनी सांगू नये, सातवीच्या मुलाने पहिली-दुसरीला सांगावी, जमल्यास वारलीतही. दिवाळीची सुट्टी पुढेमागे झाली तर कोस्काची असेंब्ली शाळा उघडल्याच्या आठवड्यात घ्या. पुढे दहावीचा वर्ग आला की फेब्रुवारीत ती मुले अभ्यासाच्या सुट्टीवर असतील, तेव्हा गोन्सालोच्या सणाची जबाबदारी आतापासूनच नववीकडे म्हणून लिहून ठेवा.